जावईबापूंचा अंगठा

माझ्या जावयाला गल्लीत कुणी नावानं ओळखत नाही. ‘हातनको’ म्हणतात. दुकानाच्या दारावर पाटी आहे. तिच्यावर दुकानाचं नाव मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि खाली ‘हात लावू नका’ एवढं मोठं की नव्या माणसाला तेच दुकानाचं नाव वाटतं. मी दुसरीपर्यंत शिकलेली, जोडाक्षर आलं की अजून अडखळते, पण ही पाटी मला पहिल्या दिवशी वाचता आली. ती माझ्यासाठीच लिहिली असावी असं मला बरेच दिवस वाटत होतं.

दुकान मोटारसायकलच्या नळ्यांचं. इंजिनाच्या तोंडातून जो तापलेला धूर निघतो, तो वळवून मागच्या सायलेन्सरपर्यंत नेते ती नळी म्हणजे बेंड पाइप. हल्लीची पोरं तिला हेडर म्हणतात. नळी तीच, मिजास वाढली. जावईबापू या नळ्या वाकवतात, जुन्या काढून नव्या बसवतात, फुटल्या की सांधतात, गंजल्या की आतून खरवडतात. पंचवीस वर्षं हेच. कुणी आलं आणि म्हणालं, “आवाज मोठा करून द्या,” की हे म्हणतात, “भोंगा विकत घ्या आणि गळ्यात बांधा.” एवढ्या गोड जिभेवर दुकान पंचवीस वर्षं चाललं, हे खरं नवल.

माझ्या लेकीला मागणी घालायला आले तेव्हाची गोष्ट सांगते. आम्ही सगळे नीटनेटके होऊन बसलो होतो. हे आत आले, पाणी प्यायले, मुलीकडे पाहिलंच नाही. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली दिसली तिकडे पाहत राहिले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे, “ज्योत पिवळी आहे. बर्नर साफ करा. निळी यायला पाहिजे.” आमच्या मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेगडीकडे पाहिलं. लेक पदराआड हसत होती, म्हणजे तिचं ठरलं होतं. मग जावईबापूंनी शेगडी उघडली, बर्नर तारेनं टोकरला, ज्योत निळी करून दाखवली आणि निघून गेले. लग्नाचं काय ते विचारायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं.

मालक गेल्यावर मी लेकीकडे आले, त्याला आता आठ वर्षं झाली. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे लोखंडी जिना. फुकटचं खाते असं कुणी म्हणू नये म्हणून मला कामही मिळालं. वाळू भाजायचं. हसू नका. नळी नुसती वाकवली तर वळणावर चेपते, म्हणून आत वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकायची, लाल होईपर्यंत तापवायची आणि मग वाकवायची. वाळूत जरा ओल राहिली तर आत वाफ धरते आणि बूच बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. मी यायच्या आधी एक सुटलं होतं, त्याचं भोक अजून पत्र्यात आहे. मी जुन्या लोखंडी कढईत वाळू भाजते, जावईबापू वर येऊन चिमटीत धरून बघतात.

“अजून ओली आहे, आई.”

“इतकी कोरडी तर मी पण राहिले नाही, जावईबापू.”

“पाच मिनिटं अजून ठेवा.”

विनोद त्यांना कळतो की नाही, हे मला आठ वर्षांत कळलेलं नाही.

आता पाटीचं कारण. स्टीलची नळी घासून चकचकीत केली, गाडीला बसवली आणि इंजिन पहिल्यांदा सुरू केलं, की तापून तिच्यावर रंग चढतात. आधी सोनेरी, मग जांभळा, मग इंजिनाजवळ निळा. तो रंग नळीचा कायमचा. पण त्याआधी कुणाचं तेलकट बोट लागलं असेल तर तेही तिथेच भाजून बसतं, रेषारेषांसकट. म्हणून पहिल्या वेळी सुरू करण्याआधी नळी स्पिरिटनं तीनदा पुसायची. पुसायला पांढरं सुती कापड, म्हणजे माझी जुनी पातळं. पुसणार एकटे जावईबापू. तेव्हा बोलायचं नाही, शिंकायचं नाही, जिन्यावरून उतरायचं नाही. माझी नात जन्मली तेव्हा तिला घ्यायला येणाऱ्याला कुणी हात धुवायला सांगितले नव्हते, असं लेक सांगते. पण नळी म्हटली की हा सोहळा.

दुकानातला दुसरा माणूस म्हणजे शिंपी. जातीनं नाही, धंद्यानंही नाही. आयुष्यात त्यानं सुई धरली नसेल. तो वेल्डिंग करतो, आणि त्याचा सांधा असा बसतो की शिवणयंत्रानं टाके घातलेत म्हणावं, म्हणून शिंपी. अठरा वर्षं दोघं एका छपराखाली. जावईबापू वाकवणार, शिंपी जोडणार. भांडण रोज. “वळण उतरतं झालंय,” असं शिंपी म्हणणार. “तुझी नजर उतरती झालीय,” असं हे म्हणणार. मी दारातल्या खुर्चीवर बसून ऐकते. ज्या दिवशी भांडण नसतं त्या दिवशी दोघांपैकी एक आजारी असतो.

तर मागच्या वर्षाच्या शेवटी दातांचे डॉक्टर आपली जुनी गाडी घेऊन आले. दोन सिलिंडरची, म्हणून नळ्या दोन, डावी-उजवी सारखी वळणारी. डॉक्टरांना ती गाडी मोटारसायकलींच्या प्रदर्शनात न्यायची होती. माणूस भला, पण बघण्याची सवय वाईट. दाढेमागचं बघायचा तो छोटा दांडीचा आरसा खिशातून काढून त्यांनी दुकानातल्या प्रत्येक सांध्यामागे घालून पाहिलं. जावईबापू खूश. आपल्यासारखाच वेडा भेटला की माणसाला बरं वाटतं.

चार महिने लागले. दोन्ही नळ्या इतक्या देखण्या झाल्या की मलाही कबूल करावं लागलं, आणि मी सहजी काही कबूल करत नाही. मग तो दिवस आला. सकाळची वेळ. शिंपी गाडीमागे बसून शेवटचे नट आवळत होता, हातमोजे घातलेला. मी खुर्चीत, तोंड मिटून. लेक वर. जावईबापूंनी एकदा पुसलं, दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा पुसलं, कापड बादलीत टाकलं. तेवढ्यात वरून लेकीनं हाक मारली, “चहा निवतोय!”

जावईबापू उठले. उठता उठता त्यांनी डाव्या नळीच्या वळणावर अंगठा दाबला. हलकेच. गाईच्या वासराच्या पाठीवर टेकवतात ना, तसा. मग वर गेले.

मी पाहिलं. पण मला त्यात काही वावगं वाटलंच नाही, हे खरं सांगते. प्रत्येक नळी झाली की ते शेवटी असा अंगठा टेकवतात, मी आठ वर्षं बघतेय. साध्या लोखंडाच्या नळ्यांना काळा रंग लागतो, तिथे अंगठ्याचं काय; आणि स्टीलच्या नळीवरचा नंतरच्या पुसण्यात निघून जात असणार. पंचवीस वर्षांची सवय, हाताला ती आहे हे डोक्याला माहीतच नाही.

चहा झाला. इंजिन सुरू केलं. नळ्यांवर सोनं चढायला लागलं. शिंपीसुद्धा उभा राहून बघू लागला. सोन्याचं जांभळं होऊ लागलं, आणि डाव्या नळीच्या वळणावर, अगदी समोर, एक अंगठा उमटला. कचेरीतल्या कागदावर उमटावा तसा स्वच्छ. वर एका बाजूला रेषाच नाहीत असा नखाएवढा अर्धचंद्र.

जावईबापूंनी इंजिन बंद केलं. 

“कोण?” ते म्हणाले.

मग सगळ्यांची झडती. लेकीला खाली बोलावलं. ती म्हणाली, “मी चहा करत होते. चहाचा अंगठा असतो का?” माझ्याकडे वळले. मी माझा अंगठा पुढे केला. विळीनं कापल्याची आडवी खूण आहे त्यावर, दरवर्षी पेन्शनच्या कचेरीतला कारकून ती बघून कंटाळलाय. माझी सुटका झाली. मग उरला शिंपी.

“तूच.”

शिंपीनं हातातले मोजे दाखवले. “हे घालून?”

“मधे काढले असशील.”

“अठरा वर्षांत माझं बोट लागलं का कधी?”

“आज लागलं. चार महिन्यांचं काम तू एका बोटात घालवलंस.”

“नीट बघ तरी.”

“बघायचं काय त्यात? मी पुसली, मी वर गेलो, इथे तू होतास.”

 शिंपीनं मोजे काढले, एप्रन काढला, घडी करून स्टुलावर ठेवला. भिंतीच्या खिळ्यावरचा त्याचा काळ्या काचेचा मुखवटा काढून बगलेत घेतला आणि गेला.

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. एप्रन ठेवून तो दहा वेळा गेलाय आणि जेवून परत आलाय. मुखवटा मात्र अठरा वर्षांत कधी त्या खिळ्यावरून घरी गेला नव्हता.

आणि मी? मी गप्प. कारण सांगते, ऐकून घ्या. मला त्या क्षणी वासराच्या पाठीवर टेकवावा तसा टेकलेला तो अंगठा आठवला. पण जावयाच्या घरात राहणाऱ्या सासूला जिभेला बूच ठोकून राहायची सवय लागते. शिवाय थोडी गंमतही वाटत होती, हेही लिहिते. हात लावू नका, हात लावू नका म्हणून ज्यानं आठ वर्षं मला खुर्चीला खिळवलं, त्याचाच हात. मला वाटलं, आज ना उद्या कळेल आपोआप. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो वळसा मी मजेनं बघत बसले.

पण दुसऱ्या दिवशी शिंपी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जावईबापूंनी एक नळी स्वतः सांधायला घेतली. तो सांधा म्हणजे लहान मुलानं डाव्या हातानं काढलेली मुंग्यांची रांग. साबणाचं पाणी लावून हवा सोडली तर चार जागी बुडबुडे. त्यांनी तो कापला, पुन्हा केला, पुन्हा बुडबुडे. जेवताना बोलेनात. तसे ते एरवीही बोलत नाहीत, पण एरवीचं न बोलणं वेगळं.

“दुसरा वेल्डर बघा मग,” लेक म्हणाली. मुद्दाम म्हणाली.

“मिळेल,” ते म्हणाले, आणि घास ताटातच राहिला.

तिकडे शिंपी कुठल्या तरी फाटकांच्या कारखान्यात विचारून आला, अशी बातमी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं आणली. सोमवारपासून ये म्हणालेत. लोखंडी फाटकं! ज्याचे टाके बघायला माणसं खाली वाकतात, तो आता फाटकांना बिजागऱ्या लावणार. आणि आमचे जावईबापू मुंग्यांच्या रांगा काढणार. माझी गंमत तिथे संपली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर धरून मी खुर्चीत बसलेली.

बोलून उपयोग नव्हता. “आई, तुम्हाला भास झाला असेल,” एवढं म्हणून ते मोकळे झाले असते. त्यांचा विश्वास माणसाच्या बोलण्यावर नाही, तापलेल्या धातूवर आहे. म्हणून दुपारी ते काम अर्धवट टाकून वर आले तेव्हा मी माझं जेवायचं स्टीलचं ताट घासून, पुसून, आरशासारखं करून ठेवलं होतं.

“जावईबापू, जरा हे धरा हो, माझे गुडघे...”

गुडघ्यांचं नाव काढलं की त्या घरात कुणी पुढचं ऐकत नाही. त्यांनी काळ्या हातानं ताट धरलं, अंगठा वर. मी ताट काढून घेतलं आणि सरळ शेगडीवर पालथं टाकलं.

“आई! ताट जळेल!”

“ज्योत निळी आहे ना बघा. तुम्हीच शिकवलंत.”

लेक दारात येऊन उभी राहिली. ताट तापलं. कडेला सोनेरी, मग तांबूस, मग जांभळा. मी चिमट्यानं ताट उलटं करून ओट्यावर ठेवलं. त्यावर अंगठा. एका बाजूला रेषा नसलेला नखाएवढा अर्धचंद्र. लेक हळूच म्हणाली, “लग्नाच्या वर्षी तापल्या नळीवर भाजला होता तो.”

जावईबापूंनी आपला अंगठा डोळ्यांजवळ नेला. मग ताटाकडे पाहिलं. मग खाली दुकानात गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. तेवढ्यात लेकीनं मला धरलं.

“आई, तू तेव्हा तिथे होतीस ना?”

“होते.”

“पाहिलं होतंस?”

“...होतं.”

“मग तीन दिवस काय वाळू भाजत होतीस?”

मी ओटा पुसायला घेतला.  तिचा प्रश्न मात्र आहे तसा लिहून ठेवते.

जावईबापू वर आले ते हात धुऊन. म्हणाले, “आई, चला माझ्याबरोबर. ताट घ्या.” पंचवीस वर्षं इंजिनांशी बोललेल्या माणसाला माणसाशी बोलायला दुभाष्या लागतो. मी गाडीवर मागे बसले. बसताना सूचना झालीच, “पाय नळीला लावू नका.”

शिंपीची खोली दुसऱ्या मजल्यावर. त्याच्या बायकोनं दार उघडलं, माझ्याकडे बघून हसली, यांच्याकडे बघून हसू परत घेतलं. शिंपी खाटेवर बसून मुखवट्याची काच पुसत होता. बसा म्हणाला नाही. जावईबापूंनी मुकाट्यानं ताट पुढे केलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले. हे भांडं पुढे करून ताक विसरले होते.

शिंपीनं ताट उजेडात धरलं. कसबी माणूस, त्याला आधी कामच दिसणार. “ताप सारखा लागला नाही. डावीकडे कमी आहे.”

“घरची शेगडी आहे,” मी म्हणाले. “तुमच्यासारखी वेल्डिंगची बत्ती कुठून आणू?”

“आणि अंगठा कुणाचा?” त्यानं विचारलं. माझ्याकडे न बघता.

जावईबापू पुटपुटले.

“ऐकू नाही आलं. अठरा वर्षं तुझ्या ग्राइंडरशेजारी बसलोय, कान गेलेत.”

“माझा.”

“काय?”

“माझा! माझा अंगठा! तूही नाही, तुझा मोजाही नाही, माझा!”

शेजारच्या दोन दारांतून डोकी बाहेर आली. शिंपीची बायको स्वयंपाकघरात गेली, आणि भांड्यांच्या आवाजावरून वाटलं की आता चहा मिळेल.

“अंगठ्याचं मला काही नाही,” शिंपी म्हणाला. आता त्यात चेष्टा नव्हती. “अंगठा कुणाचाही लागतो. तू विचारलं नाहीस. सांगितलंस. अठरा वर्षांनी माणसाला निदान विचारावं.”

जावईबापू खाली बघत उभे. “विचारायला पाहिजे होतं,” म्हणाले. एवढंच. पण त्यांच्या तोंडून हे म्हणजे दुसऱ्याचं पानभर भाषण.

शिंपीनं पुन्हा काच पुसायला घेतली. मग म्हणाला, “दातवाल्याच्या गाडीचे नट तापून निवल्यावर पुन्हा आवळले का?”

“नाही.”

“तीन दिवस? ढिले झाले असतील. धूर गळेल, इंजिनाच्या तोंडाशी बसवलेली तांब्याची रिंग जाईल. एकदा आवळून भागत नाही, हे तूच सगळ्या गिऱ्हाइकांना ओरडून सांगतोस ना?”

“सांगतो.”

“उद्या नऊ वाजता गाडी तापवून ठेव. आणि फाटकवाल्याला सोमवारचं नाही म्हणून तू कळवायचं. मी नाही.”

दुसऱ्या दिवशी मुखवटा खिळ्यावर होता. नट आवळले. दहा वाजता डॉक्टर आले, आणि आल्या आल्या खिशातून तो आरसा काढला. त्याची गरजच नव्हती, अंगठा आंधळ्यालाही दिसला असता. “हे काय?” डॉक्टर म्हणाले.

 शिंपी मुद्दाम दुसरीकडे बघत होता.

“माझा अंगठा आहे,” जावईबापू म्हणाले. “चूक माझी. घासून काढतो. दोन दिवस द्या.”

डॉक्टरांनी अंगठा जरा वेळ निरखला. “आमच्याकडे असं झालं तर पेशंट ओरडतो,” ते म्हणाले. “तुमचं बरं आहे.” आणि दोन दिवस देऊन गेले.

दोन दिवस जावईबापू त्या एका वळणाशी बसून होते. आधी बारीक कागद, मग पेस्ट, मग कापड. अंगठा लागायला क्षण, निघायला दोन दिवस. शेवटी नळी पुन्हा पांढरी झाली आणि पुसायची वेळ आली. जावईबापूंनी स्पिरिटच्या बाटलीकडे हात नेला.

“हं हं,” शिंपी म्हणाला. “पाटी वाच.”

ते थांबले.

“हात मागे.”

आणि बाई, त्या पन्नाशीच्या माणसानं शाळेत उभं केल्यासारखे दोन्ही हात मागे बांधले. शिंपीनं तीनदा पुसलं. शेवटचं कापड बादलीत पडलं तेव्हा मागे बांधलेल्या हातांतला उजवा अंगठा एकदा हलला. मी पाहिलं. या वेळी लगेच म्हणाले, “जावईबापू, अंगठा!”

तेव्हापासून तसंच चालतं. पुसणार शिंपी, हात मागे बांधून उभे राहणार जावईबापू, आणि राखणीला मी. आठ वर्षांत पहिल्यांदा मला बोलायची परवानगी असलेलं काम मिळालं.

ताट मी टाकलं नाही. लेक म्हणते नवीन आणू, जावईबापू म्हणतात भंगारात द्या. पण त्याला भोक पडलेलं नाही, गळत नाही, मग भंगारात का? मी रोज त्यातच जेवते. अंगठा भाजीखाली झाकला जातो, जेवण संपत आलं की वर येतो. जेवणं झाल्यावर ताटं उचलायची पाळी आली तर जावईबापू सगळ्यांची ताटं कशीही उचलतात. माझं तेवढं दोन बोटांत, कडेनं धरून नेतात.